सोबतीची खुर्ची

आमच्या धंद्यातल्या लोकांनी जेवायला बोलावलं तर आधी घरी पोटभर खाऊन निघावं. आमच्या शहरातल्या कॉलेजात आहारशास्त्र शिकणाऱ्या पोरी वर्षाच्या शेवटी एकत्र जेवण करतात. प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा असतो, आणि इस्पितळातली जुनी खोडं म्हणून आम्हा दोघीतिघींना आमंत्रण असतं. त्या वर्षी टेबलावर भाताच्या जागी फुलकोबी, पिझ्झ्याच्या तळाला फुलकोबी आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये बटाटा सोडून फुलकोबी होती. केकमध्ये लोण्याऐवजी सफरचंदाचा गर, साखरेऐवजी खजूर, मैद्याऐवजी राजमा. मी विचारलं, "पोरींनो, आणि केकऐवजी काय आहे?" सगळ्या खळखळून हसल्या, पण खाल्लं कुणीच नाही. बशीत चिमूटचिमूट घेऊन फिरल्या, एकमेकींच्या पदार्थांचे फोटो काढले, आणि ज्या डब्यांतून आणलं होतं त्याच डब्यांत भरून परत नेलं. मी घरी येऊन अंडी तळली.

ब्रिन्या थॉरलाक्सन मला त्या जेवणात पहिल्यांदा दिसली. उंच, सोनेरी वेणी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. टेबलावर खरा पदार्थ एकटीनेच आणला होता, आणि तोही विनारतेर्ता: आइसलँडहून इकडे आलेल्या लोकांचा आलुबुखाऱ्याच्या थरांचा केक, खऱ्या लोण्याचा, तिच्या आईच्या हातचा. प्रत्येकीला आग्रह करकरून वाढत होती. मला म्हणाली, "घ्या ना अजून, तुम्ही तर काहीच घेतलं नाहीत." मी दोन तुकडे खाल्ले आणि मनात म्हटलं, चला, या वर्षी एक तरी शहाणी निघाली.

मी स्टेफी व्होरोन्युक. इस्पितळात खाण्याच्या आजारांचा एक छोटा विभाग आहे, तिथली आहारतज्ज्ञ. रुग्ण सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात, आणि दुपारचं जेवण आमच्याकडे जेवतात. कुणी उपाशी राहून आजारी पडलेलं असतं, कुणी भरमसाट खाऊन मग त्याची शिक्षा स्वतःला देत असतं. ते जेवतात तेव्हा आमच्यापैकी एकजण त्यांच्याबरोबर बसून तेच ताट जेवतो. उपदेश नाही, पहारा नाही, फक्त जेवायचं. त्या जागेला आम्ही सोबतीची खुर्ची म्हणतो. शिकायला आलेल्या प्रत्येक पोरीला तिच्यावर बसावंच लागतं, आणि त्यात जी नापास होते तिला मी पुढे सोडत नाही. याबद्दल कॉलेजात माझ्याविषयी काय बोलतात ते मला माहीत आहे. बोलू देत.

ब्रिन्याच्या घरचे लोक विनिपेग सरोवरावर मासे धरतात. बाप आइनार अजून धरतो. उन्हाळ्यात होडीतून, हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून. पोर लहानपणी त्याच्या मागे लागून तव्यावरचे माशांचे गाल भांडून खायची, असं तोच सांगतो. तिच्या आजीला मधुमेह होता. महिन्यातून एकदा शहरातून आहारतज्ज्ञ यायची, घाईघाईने चार गोष्टी सांगायची आणि पुढच्या गावाला पळायची. आजीचा पाय कापावा लागला तेव्हा ब्रिन्या शाळेत होती. आपल्या गावाला गावातच राहणारं कुणीतरी पाहिजे, असं तिने तेव्हा ठरवलं आणि त्यासाठी शहरात शिकायला आली. इतकं सरळ होतं ते.

वाकडं कुठे झालं तेही मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. दुसऱ्या वर्षी सगळ्यांना एक काम देतात. तीन दिवस आपण जे जे खाऊ ते वजन करून खायचं आणि त्यातून किती काय मिळालं ते काढायचं. हेतू चांगलाच असतो. पुढे लोकांना विचारायचं तर आधी आपण करून बघावं. तीन दिवसांनी बाकीच्यांनी वजनकाटे कपाटात टाकले. निदान बऱ्याचजणींनी टाकले. ब्रिन्याने टाकला नाही. तिचं काम वर्गात सगळ्यांत नेमकं निघालं होतं, मास्तरणीने ते सगळ्यांसमोर दाखवलं होतं, आणि नेमकेपणाची तिला जी गोडी लागली ती सुटेना. अंगावरचं मांस उतरत गेलं तसं मैत्रिणी म्हणाल्या, किती छान दिसतेस. मास्तरणी म्हणाली, किती शिस्तीची आहेस. दुसऱ्या कुठल्याही वर्गात कुणीतरी विचारलं असतं, बाई गं, तू जेवतेस ना? पण ज्या वर्गात अर्ध्याजणी तेच करत असतात तिथे कोण कुणाला विचारणार?

तर ही पोर शेवटच्या वर्षी माझ्या हाताखाली आली. पहिला आठवडा तिने असा काढला की मी खूश. ताट यायचं, ती हसत बसायची, गप्पा मारायची, ताट स्वच्छ करायची. मी खिडकीपाशी चहा घेऊन बसलेली असायचे आणि मनात म्हणायचे, हिला पुढच्या वर्षी इथेच नोकरीला ओढू.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी ताटात चीज घालून भाजलेलं सँडविच, टोमॅटोचं सूप आणि बटर टार्ट होतं. टार्ट म्हणजे गोड सारण भरून भाजलेली छोटी वाटी, आणि आमच्या टेबलावर सगळ्यांना धडकी. लोणी, साखर, मैदा, कशाऐवजी काही नाही. अशा दिवशी मन दुसरीकडे लागावं म्हणून आम्ही खेळ खेळतो. एकीने म्हणायचं, मी गावाला निघाले आणि बॅगेत घेतला टूथब्रश. दुसरीने टूथब्रश म्हणून आपली एक वस्तू जोडायची, तिसरीने दोन्ही म्हणून तिसरी. विसरली ती बाद.

वेल्मा प्रूडेनने सुरुवात केली. वेल्मा पन्नाशीची, शाळेची बस चालवायची, आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगं जागेवर बसावं. तिच्या शेजारी इडिथ, ग्रंथालयातून निवृत्त झालेली, आणि तिच्या पलीकडे दोन तरुण मुली.

"मी गावाला निघाले आणि बॅगेत घेतला टूथब्रश," वेल्मा म्हणाली.

"टूथब्रश आणि लोकरी मोजे," इडिथ म्हणाली.

"टूथब्रश, लोकरी मोजे आणि शेजाऱ्यांचा कुत्रा," पहिली मुलगी म्हणाली.

"कुत्रा बॅगेत?" इडिथने चष्म्यावरून पाहिलं. "जिवंत?"

"माझ्या बसमधल्या पोरांपेक्षा बरा राहील," वेल्मा म्हणाली. "चल, पुढे."

दुसऱ्या मुलीने पत्त्यांचा जोड घेतला. मग ब्रिन्याची पाळी आली. टार्ट तिच्या हातात होता, सगळं लक्ष त्याच्यावर होतं, आणि तोंड आपोआप चाललं होतं.

"मी गावाला निघाले आणि बॅगेत घेतला टूथब्रश, लोकरी मोजे, शेजाऱ्यांचा कुत्रा, पत्ते, आणि वजनकाटा." आणि एवढ्यावर न थांबता म्हणाली, "छोटावाला. पर्समध्ये मावतो ना, तो."

माझा चहा हातातच राहिला. ज्या टेबलावर वजन हा शब्द आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्या टेबलाच्या मधोमध तिने वजनकाटा आणून ठेवला होता. आणि खेळाचा नियम असा की आता तो प्रत्येकीला आपल्या तोंडाने म्हणायचा.

पाळी पुन्हा वेल्माकडे आली. इडिथने तोवर चमचा खाली ठेवला होता. मुलींच्या माना खाली गेल्या होत्या. ब्रिन्याला आपण काय बोललो ते आता कळलं होतं, आणि तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. मी उठलेच, पण वेल्माने मला हाताने बस म्हणून खुणावलं.

"मी गावाला निघाले," ती मोठ्याने म्हणाली, "आणि बॅगेत घेतला टूथब्रश, मोजे, कुत्रा, पत्ते आणि वजनकाटा. कुत्र्याला जागा पुरेना. मग वजनकाटा काढला, रस्त्यावर टाकला आणि वरून बस नेली. मागे घेतली आणि परत नेली. हां, इडिथ, तुझी पाळी. तो आता म्हणायचा नाही, त्याचा भुगा झालाय."

एक मुलगी फिसकन हसली, मग दुसरी. खेळ पुढे सरकला. पण इडिथने त्या दिवशी ताट अर्धं सोडलं, आणि कित्येक आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं. ब्रिन्याचा टार्टही तसाच हातात राहिला.

जेवण झाल्यावर वेल्मा माझ्यापाशी आली. "स्टेफी, ती पोरगी आमच्यातली आहे."

"आत्ता कळलं मला."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आठवडाभर सूप प्यायली, एक थेंब शर्टावर सांडला नाही. जेवणारी माणसं सांडतात गं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? पगार तुला मिळतो." आणि जाता जाता म्हणाली, "फार रागावू नकोस तिला."

मी रागावलेच होते. इडिथसाठी रागावले होते, त्या दोन मुलींसाठी रागावले होते, आणि आठवडाभर खिडकीपाशी बसून मला काही दिसलं नाही याचाही संताप आला होता. ब्रिन्याला मी मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. ती पिठाच्या पोत्यांशेजारी उभी राहिली.

"सकाळी काय खाल्लंस?" मी विचारलं.

"अर्धी वाटी ओट्स, एक केळं, दूध—"

"हे पुस्तकाचं पान झालं. पोटात काय गेलं ते विचारतेय."

तिने पोत्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. "काही नाही."

"काल रात्री?"

"दुपारी इथे जेवायचं असतं ना. म्हणून राखून ठेवते."

म्हणजे माझ्या टेबलावर जे स्वच्छ ताट मी रोज कौतुकाने बघत होते, त्यासाठी ही पोर आधीचा सगळा वेळ उपाशी काढत होती, आणि नंतरचाही. मला तिची दयाही आली आणि कानफटात द्यावीशीही वाटली.

"तुम्ही मला काढणार," ती म्हणाली. "कॉलेजला कळवणार, आणि ते मला काढणार. मग माझ्या गावात कोण जाणार? स्टेफी, मी कुणाला काही केलेलं नाही हो. वर्गात सगळ्याच असं करतात. काहीजणी तर माझ्याहून जास्त."

"सगळ्याजणी इडिथसमोर बसत नाहीत. तू बसतेस. तिने आज ताट सोडलं, पाहिलंस ना?"

तेव्हा ती रडायला लागली. स्वतःसाठी नाही, इडिथचं नाव काढल्यावर रडली. तिथेच मला वाटलं की ही पोर वाचेल.

"हे बघ," मी म्हटलं, "खुर्चीवरून तुला आजच उठवतेय. त्यात वाद नाही. धंद्यातून उठायचं की नाही ते तू ठरव. वर्षभर सुट्टी घे आणि स्वतः उपचार घे. नीट, डॉक्टरांकडे. परत आलीस तर मी इथेच आहे, मला कोण नेतंय! पण आत्ता खोटं बोलून पुढे गेलीस तर उद्या कुणाच्या तरी आजीसमोर बसून अर्धी वाटी ओट्स सांगशील, आणि ती तुझ्यावर विश्वास ठेवेल."

कॉलेजात मी कळवलं. विभागप्रमुख बाईंशी माझी चांगली जुंपली. त्यांचं म्हणणं, इतक्या वर्षांत त्या वजन करायच्या कामाची कुणी तक्रार केलेली नाही. मी म्हटलं, तक्रार कोण करणार, सगळ्यांना त्यात शाबासकी मिळते! पुढे त्यांनी ते काम बदललं. आता पोरी मनाने रचलेल्या माणसाचं जेवण मोजतात. फुलकोबीत मात्र काही फरक पडलेला नाही.

ब्रिन्या घरी गेली. शहरापासून दूर, सरोवराकाठी. दर आठवड्याला गाडी हाकत शहरात उपचारांना यायची. उपचार करणाऱ्यांनी घरच्यांना बजावलं होतं की रोज दुपारी कुणीतरी हिच्याबरोबर बसून जेवायचं. आईची शाळेत नोकरी, दुपारी घरी येणं जमेना. राहिला आइनार. आयुष्यभर हा माणूस होडीत उभ्या उभ्या, एका हातात पाव आणि दुसऱ्यात जाळं धरून जेवलेला. टेबलाशी बसून दुपारचं जेवण कसं जेवतात हे त्याला माहीत नव्हतं.

ते मला ब्रिन्याने पुढे हसत हसत सांगितलं. "बाबा मिशांवर बर्फ घेऊन यायचे. कोट काढायचे नाहीत. खुर्चीवर असे बसायचे की जणू दात काढायला बसलेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाण्याचा विषय काढू नका. मग ते जाळ्यांबद्दल बोलायचे. ते संपलं की बर्फाबद्दल. ते संपलं की परत जाळ्यांबद्दल."

"आणि तू?"

"मी पहिल्यांदा रडायचे, मग भांडायचे. एकदा मी ताट ढकललं. बाबांनी आपलंही ताट पुढे सरकवलं आणि हाताची घडी घालून बसले. पहाटेपासून बर्फावर काम करून आलेला माणूस. पोटातून आवाज येत होता त्यांच्या. मला ऐकू येत होता."

"मग?"

"मग काय. मी माझं ताट ओढून घेतलं. बाबांनी त्यांचं इतक्या जोरात ओढलं की रस्सा सांडला."

हे एका दिवसात झालं आणि पोर बरी झाली, असं मी सांगत नाही. पुढे ती दोनदा घसरली. एकदा तर मला फोन करून म्हणाली, मी नाही येत परत, मी बाबांबरोबर मासे धरीन. मी म्हटलं, धर की, माशांना पण आहारतज्ज्ञ लागते. तिने चिडून फोन ठेवला, दुसऱ्या दिवशी परत केला. आइनारचा एकही दुपारचा खाडा झाला नाही. पहिल्या बर्फात त्याची जाळी दुपारी पाण्यातच राहायची, शेजारच्या मासेमारांनी त्याची चेष्टा केली, आणि मग त्यांच्यातलाच एकजण त्याची जाळी ओढून ठेवू लागला.

ती परत आली ती सरळ माझ्याकडे. हा भाग वगळून दुसरीकडे शिकता आलं असतं, कॉलेजने तशी सोय केली होती. ती म्हणाली, "नाही. मला त्याच खुर्चीवर बसायचंय." मी लगेच बसू दिलं नाही. आधी डॉक्टरांचं ऐकलं, मग महिनाभर तिला माझ्यासमोर बसवून जेवू घातलं. मग बसवलं. त्या दिवशी ताटात काय होतं ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच की जेवण संपलं तेव्हा ती आणि एक रुग्ण कसल्यातरी मालिकेवरून भांडत होत्या, आणि ताटं रिकामी झाल्याचं दोघींना माझ्यानंतर कळलं.

आता ती तिच्या गावाजवळच्या छोट्या इस्पितळात आहे. मधुमेही म्हातारे, किडनीचे रुग्ण, नव्या बाळांच्या आया, सगळं एकटी बघते. लोक तिला रस्त्यात थांबवून विचारतात, किराणा दुकानात विचारतात, चर्चमध्ये विचारतात. आमची आता मैत्री आहे. ती मला अगंतुगं करते, आणि माझ्या गाडी चालवण्यावर टोमणे मारते.

गेल्या शरदात त्यांच्या गावच्या सभागृहात सामुदायिक जेवण होतं, सुगी झाली की सगळीकडे असतं तसं. मी गेले. टर्की, रस्सा, कोबीचे गुंडाळे, आणि आमच्या युक्रेनी बायकांनी केलेल्या पेरोगी, छोट्या करंज्यांसारख्या, बटाटा भरून उकडायच्या आणि मग कांद्यावर लोण्यात परतायच्या. मी ताट भरून घेतलं. समोर ब्रिन्या, तिच्या शेजारी आइनार, चक्क कोट काढून बसलेला.

ब्रिन्या तापली होती. लांबच्या रुग्णांना डायलिसिसला आणणारी गाडी बंद पडली होती आणि जिल्ह्याच्या कार्यालयातले लोक दुसरी देत नव्हते. "मी त्या माणसाला म्हटलं, तुमची आई आठवड्यातून तीनदा ट्रॅक्टरवर बसून येईल का? तर म्हणतो, पुढच्या बैठकीत बघू! बैठकीत! अगं स्टेफी, तोपर्यंत ही माणसं—" आणि बोलता बोलता तिचा काटा टेबल ओलांडून आला, माझ्या ताटाच्या कडेला राहिलेली पेरोगी टोचून घेऊन गेला, आणि ती तोंडात टाकून ब्रिन्या पुढे बोलतच राहिली. "—तोपर्यंत ही माणसं काय कपाटात घडी करून ठेवायची? मी उद्या जाऊन तिथे बसणार आहे. काय झालं? अशी काय बघतेस?"

"माझी पेरोगी खाल्लीस."

"मी?" तिने काट्याकडे पाहिलं, माझ्या ताटाकडे पाहिलं. "तुला हवी होती?"

"हवी होती म्हणून तर शेवटची ठेवली होती! सगळ्यांत कुरकुरीत होती ती."

"अय्या. मला कळलंच नाही."

खरंच कळलं नव्हतं तिला. मी तीसेक वर्षं या धंद्यात आहे, पुष्कळ पोरी माझ्या हाताखालून गेल्या, पण इतका आनंद मला कुठल्याच पोरीच्या पदवीनेसुद्धा झाला नव्हता. डोळे भरून आले म्हणून मी रुमाल काढला आणि नाक शिंकरल्यासारखं केलं. आइनारने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि पोरीला म्हणाला, "रांग संपत आलीय. आणायच्या तर आत्ता आण."

"रागावलीस का गं खरंच?" ब्रिन्या उठत म्हणाली. "आणते तुला."

"दोघींना पुरतील एवढ्या आण," मी म्हटलं. ती बोटाला लागलेलं लोणी चाटत बशी घेऊन रांगेकडे गेली, आणि तिथे पुढच्या बाईला गाडीची तीच तक्रार पहिल्यापासून सांगायला लागली.